घाटातली फितुरी

चोर ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी गोरखची पक्की समजूत होती आणि तिला कारणही होतं. देहूरोडच्या लष्करी डेपोच्या गेटावर त्यानं चौतीस वर्षं काढली. आत येणारा ट्रक, बाहेर जाणारा ट्रक, त्याचं सील, त्याचा पास, ड्रायव्हरचा चेहरा, हे बघता बघताच त्याचे केस पिकले. साहेबाची गाडी असली तरी पास बघितल्याशिवाय गेटाचा दांडा वर जायचा नाही. निवृत्त होऊन तो वडगावला घरी बसला, पण नजर काही निवृत्त होईना. दूधवाल्याच्या मापावर संशय, सिलिंडरच्या सीलवर संशय, बायकोनं आणलेल्या मेथीच्या जुडीवरही संशय. बायको चंपा शेवटी वैतागून लेकीला म्हणाली, तुझ्या बापाला कुठंतरी गुंतव बाई, नाहीतर मी तरी माहेरी जाते.

लेक प्रेरणा लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनला होती. तिनं आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून मांडला, बापाच्या कानावर हेडफोन चढवला आणि एक ऑनलाइन खेळ लावून दिला. अवकाशातला खेळ होता. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्यात असतात. कुणी दगड फोडून खनिज काढतं, कुणी कारखाने चालवतं, कुणी जहाजातून माल वाहतं आणि कुणी वाटेत दबा धरून तोच माल लुटतं. लुटणं खेळाच्या नियमात बसतं, असं तिनं सांगितलं मात्र, गोरख खुर्चीत सरसावून बसला. बाबा आठवडाभर खेळतील असा प्रेरणाचा अंदाज होता. बाबांनी तीन वर्षं सोडलं नाही.

एकट्याला करमेना म्हणून त्यानं रखमाजीलाही ओढलं. दोघं मूळचे आंबीचे, एका वर्गातले. गोरख बौद्ध वस्तीतला, रखमाजी गावातल्या जमीनवाल्या घरातला, पण पन्नास वर्षांत दोघांचं एकमेकांच्या चुलीपर्यंत जाणंयेणं झालेलं. गोरखनं नोकरीत असताना वडगावला घर बांधलं, रखमाजी आंबीतच शेती करत राहिला. खेळायला त्यानं मुलाचा कॉम्प्युटर धरला. लढाई त्याला आवडेना. खनिज फोडायचं म्हणजे पुन्हा ढेकळंच फोडायची की, म्हणाला. पण एका जागी बसून राखण करणं त्याला छान जमायचं. भुईमुगात डुकरं शिरू नयेत म्हणून ज्याचं आयुष्य मचाणावर गेलं, त्याला तासभर काळ्या पडद्याकडे बघत बसणं काय जड आहे?

दोघांचं बघून आणखी माणसं जमली. तळेगाव-आंबीच्या कारखान्यांतली दहाबारा पोरं आली, मग नाशिक, सांगली, कुठून कुठून. चाळीस जणांची टोळी झाली. तिचं नाव ठेवलं मावळ मालवाहतूक. खेळातली परकी नावं कुणाच्या तोंडात बसेनात, म्हणून गोरखनं बारसं करून टाकलं. माल भरायचा तळ म्हणजे खंडाळा, उतरवायचा तळ म्हणजे खोपोली आणि मधलं जे द्वार ओलांडताना लुटारू झडप घालायचे, तो घाट. गोरखच्या मालवाहू जहाजाचं नाव टेम्पो. रखमाजीचं जहाज चिमुकलं आणि चपळ, त्याला सगळे पाखरू म्हणायचे.

माल राखण्याचं गोरखचं शास्त्र साधं होतं. लुटारूंना तुमच्या जहाजाच्या पोटातलं दिसतं. पण हल्ला केला की त्यांचंही जहाज खेळातले पोलीस फोडून टाकतात, म्हणून हाताला घसघशीत लागणार असेल तरच ते अंगावर येतात. तेव्हा त्यांचा हात शिवशिवणार नाही इतकाच माल एका खेपेला न्यायचा. वेळ रोज बदलायची. जहाज आपोआप चालायला सोडून चहा प्यायला उठायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रखमाजीनं पाखरू घेऊन आधी घाटापलीकडे जायचं, वाट न्याहाळायची आणि मोकळी दिसली की 'सोड' म्हणायचं. डेपोतही गेटावर हाच शब्द चालायचा. 'सोड' कानावर पडल्याशिवाय टेम्पो जागचा हलणार नाही, हा नियम खुद्द गोरखनं केला होता. नवा माणूस टोळीत आला की त्याच्याकडून तो तीनदा वदवून घ्यायचा. दोन वर्षांत मावळ मालवाहतुकीचा एक खिळाही चोरीला गेला नव्हता आणि गोरख त्या फुशारकीत होता, हेही सांगायला हवं.

मग टोळीनं स्वतःचं गोदाम बांधायला काढलं, अवकाशात, खोपोलीच्या पलीकडे. सगळे भाग थोडे थोडे करून पोचले. राहिलं ते एकच यंत्र, गोदामाचा गाभा. चाळीस जणांनी आठ महिने राबून ते बनवलेलं. मुख्य अडचण अशी की त्याचे तुकडे होत नव्हते. एकाच खेपेला अख्खं न्यायचं होतं आणि ते टेम्पोच्या पोटात असताना कुठल्याही लुटारूला लांबून दिसणार होतं. फेब्रुवारीतला एक रविवार ठरला, दुपारी चारची वेळ. त्या दिवशी रखमाजीनं नुसतं 'सोड' म्हणून भागणार नव्हतं. वाट बघून त्यानं अलीकडे परत यायचं आणि टेम्पोच्या अंगाला अंग लावून घाट ओलांडायचा असं ठरलं. लुटारूंनी जहाज जागीच अडकवणारं जाळं टाकलंच, तर ते तोडायचं यंत्र पाखरावर बसवलं होतं.

चार वाजून वीस मिनिटं झाली तरी टेम्पो खंडाळ्यातच होता. खोपोलीला टोळीतली वीस माणसं ताटकळत होती, कुणी कुणी मोबाइलवरच्या ग्रुपवर कुरकुरत होतं; हेडफोनात मात्र गोरख आणि रखमाजी दोघंच होते. ज्यानं आयुष्यभर ड्रायव्हरांना ताटकळत ठेवलं, त्याला आता स्वतःला वाट बघवेना. तेवढ्यात रखमाजीचा आवाज आला, "बरं गोरख, येतो मी." गोरख म्हणाला, "हां, ये." आणि रखमा निघाला परत एकदाचा, आपण तोवर पुढं सरकू, म्हणजे घाटाच्या तोंडाशीच गाठ पडेल, असा हिशेब करून त्यानं टेम्पो हलवला. तोंडाशी पाखरू दिसलं नाही, पण पुढं आलेला टेम्पो थांबवायचा म्हणजे उभं लक्ष्य व्हायचं, म्हणून तो तसाच घाटात शिरला.

पलीकडे निघाला तेव्हा पाखरू समोरच होतं. निवांत उभं. ना पुढं आलं, ना मागं गेलं. दगडांच्या आडून सहा जहाजं निघाली, टेम्पोवर जाळं पडलं. गोरख ओरडत राहिला, रखमा, जाळं तोड, रखमा. पाखरू जागचं हललं नाही. अर्ध्या मिनिटात टेम्पो फुटला, लुटारूंनी गाभा उचलला आणि आठ महिन्यांचं काम कुणाच्या तरी भलत्याच गोदामात गेलं. या सगळ्या धुमश्चक्रीत पाखरावर साधी एक गोळी कुणी झाडली नाही.

गेटावरच्या माणसाला आणखी काय पुरावा लागतो? आतला माणूस फुटल्याशिवाय माल जात नाही, हे चौतीस वर्षांत त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं पाणीसुद्धा प्यायलं नाही. टोळीच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं की रखमाजीनं 'सोड' म्हणून टेम्पो घाटात घ्यायला लावला आणि स्वतः उभं राहून लुटू दिला. खाली एकच शब्द लिहिला, फितूर. मग रखमाजीचं नाव टोळीतून काढून टाकलं. लोहगड-विसापूरच्या सावलीत वाढलेल्या माणसाला या शब्दाचं वजन सांगावं लागत नाही. चोर म्हटलेलं एखादा विसरेल, फितूर म्हटलेलं मावळात कुणी विसरत नाही. गोरखला हे माहीत होतं, म्हणून तर त्यानं तो शब्द निवडला.

पावणेपाच वाजता फोन वाजला. रखमाजी. गोरखनं उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. चंपा आतून म्हणाली की कुणाचा आहे तो घ्या तरी. गोरखनं फोन उशीखाली सारला. त्यानंतर रखमाजीचा फोन आला नाही.

पुढं त्या शब्दाला पाय फुटले. टोळीतली आंबीची पोरं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसायची. रखमाजी दुधाची किटली घेऊन तिथून जाऊ लागला की कुणीतरी खोकायचं आणि कुणीतरी म्हणायचं, जपून रे, फितूर आला. म्हटलं तर चेष्टाच होती. त्यातल्याच एकानं हे हसत हसत गोरखच्या कानावर घातलं. ऐकून गोरखला बरं वाटलं होतं. नंतर सगळं उमगलं तेव्हा त्याला छळलं ते यानंच. चूक कुणाच्याही हातून होते, पण आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्याला कुणाला सांगताही येईना.

उमगलं ते मे महिन्यात, आणि तेही गोरखच्या हुशारीनं नव्हे. प्रेरणानं त्याला खेळातलं बोलणं साठवून ठेवण्याचं बटण दाखवलं होतं. डेपोच्या रजिस्टरची सवय असलेला गोरख प्रत्येक खेप साठवून ठेवायचा, ऐकायचा मात्र कधीच नाही. टोळीत चार नवी पोरं आली होती. फितुरी कशी ओळखावी याचा धडा त्यांना द्यावा, असं त्याच्या मनात आलं. त्यासाठी नेमका तुकडा काढायला म्हणून त्यानं दुपारी त्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं, मोठ्यानं. चंपा तिथंच जमिनीवर बसून लसूण सोलत होती.

आधी बराच वेळ नुसती खरखर. मग रखमाजीचा आवाज: "पलीकडं दोगंतिगं हायेत, पर लय लांब. जाऊ दे त्यास्नी, मग सांगतो." पुन्हा खरखर. मग लांबून रतनबाईची, रखमाजीच्या बायकोची हाक, "अवं, शेतातली लाईट आली." खुर्ची सरकल्याचा आवाज. "बरं गोरख, येतो मी." आणि त्यावर गोरखचा स्वतःचा आवाज, "हां, ये."

गोरखनं तिथं थांबवलं. बघ, म्हणाला, येतो म्हणाला आणि आला नाही.

चंपानं लसणाची पाकळी सुपात टाकली. "यायचं कशाला? उठून गेलं की ते. शेतातली लाईट आली म्हणून विहिरीवरची मोटार चालू कराया गेलं. आन् तुमीच न्हाई का 'ये' म्हणालात?"

गोरखनं तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. घरातून निघताना 'जातो' म्हणणारा माणूस त्यानं जन्मात बघितला नव्हता. रखमाजी आजवर त्याच्या ओट्यावरून हजार वेळा उठला असेल आणि हजार वेळा 'येतो' म्हणूनच गेला असेल. समोर असता तर चपला शोधताना दिसला असता. हेडफोनात चपला दिसत नाहीत.

मग त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खं रेकॉर्डिंग ऐकलं, 'सोड' शोधण्यासाठी. त्याची खात्री होती की 'सोड' म्हटलं होतं, त्यानं स्वतः ऐकलं होतं, चाळीस जणांना तसं लिहूनही दिलं होतं. 'सोड' कुठंच नव्हतं. रखमाजी गेला होता तो गोरखच्याच नियमाच्या भरवशावर. आपण 'सोड' म्हटल्याशिवाय गोरख गेट उघडणार नाही, मग दहा मिनिटं उठलं तर काय बिघडतं, असाच त्यानं विचार केला असणार. म्हणून पाखरू तिथंच उभं होतं. रिकाम्या खुर्चीपुढे.

संध्याकाळी त्यानं ग्रुपवर लिहिलं की चूक माझी, रखमाजीनं काही केलं नाही, त्याला परत घेतलं आहे. लिहायला त्याला तासभर लागला. वाचणाऱ्यांनी अंगठे दाखवले, एकानं हसरा चेहरा टाकला आणि नाशिकच्या पोरानं पुढच्या खेपेची वेळ विचारली. फितूर शब्दावर महिनाभर चघळणाऱ्या ग्रुपला माफी दोन मिनिटंसुद्धा पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कूटर काढून आंबीला गेला. रखमाजी विहिरीजवळ मोटारीच्या खोक्यापाशी बसला होता. गोरखला बघून तो उठला, खांद्यावरच्या टॉवेलनं बाजेवरची धूळ झटकली.

"या. बसा," म्हणाला.

गोरख स्कूटरची किल्ली हातात धरून उभाच राहिला. पन्नास वर्षांत या माणसानं त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. घाणेरड्यात घाणेरडी शिवी दिली होती, पण 'या, बसा' म्हटलं नव्हतं.

गोरख बसला. वाटेत जुळवलेलं सगळं विसरला आणि जे झालं ते सरळ सांगत सुटला. रेकॉर्डिंग, लाईट, 'येतो', चंपाचं बोलणं, 'सोड' कुठंच नसणं. ग्रुपवर काय लिहिलं तेही सांगितलं. रखमाजी मान हलवत ऐकत होता, जसं कर्जवसुलीला आलेल्या सोसायटीच्या माणसाचं ऐकतात तसं. रतनबाई चहा घेऊन आली. ती तेवढी बोलली. दहाच मिनटं चालली बघा मोटार त्या दिवशी, म्हणाली, लगेच लाईट गेली परत. हे धावत घरात गेले, गोरखभाऊ थांबलाय म्हणत. मग ती कप ठेवून घरात गेली.

गोरखला वाटलं, यापेक्षा तिनं किटली डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "रखमा, माझं चुकलं. तू म्हणशील तिथं येतो, फाट्यावर येतो, त्या पोरांसमोर सांगतो."

"कशाला?" रखमाजी म्हणाला. "पोरांचं काय, ती दोन दिसांत दुसऱ्याला हसत्यात. आन् माल गेला त्याचं बी मला काय न्हाई, खेळातलाच व्हता." त्यानं टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. "पर तुमी इचारलं न्हाई. तीन बारीला फोन केला म्या. एकदा उचलायचा, शिव्या घालायच्या, पर इचारायचं. आठ किलोमीटरवर तर ऱ्हातो."

गोरखनं कप उचलला आणि तसाच बशीत ठेवला. आणि तिथं, त्या बाजेवर, त्याला पाचवीचा वर्ग आठवला. वर्गातल्या कुणाची तरी नवी कंपासपेटी हरवली होती. गुरुजींनी कुणाला काही न विचारता पहिलं उठवलं ते गोरखला. का, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं आणि गोरखलाही. दप्तर उलटं कर, म्हणाले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक काळा, किडकिडीत पोरगा आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, गोरखनं घेतली न्हाई. तुला काय माहीत, म्हणून गुरुजींनी त्यालाच चार छड्या मारल्या. पोरगं हात चोळत उभंच राहिलं, बसलं नाही. आपण घेतली नाही हे त्या दिवशी गोरखला ठाऊक होतं, पण रखमाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पन्नास वर्षांत दोघं यावर कधी बोलले नव्हते.

गोरख म्हणाला, "शाळंत ती कंपासपेटी हरवली तवा तू उभा राह्यलास. घेतलीस का म्हणून तू मला आदी इचारलं न्हवतंस."

रखमाजीनं डोळे बारीक केले. त्याला आठवायला वेळ लागला. ज्यानं छड्या खाल्ल्या, तोच विसरून गेला होता.

"त्यात काय इचारायचं?" तो म्हणाला. "तू घेतलीच न्हवतीस."

गोरखनं मान वर केली. रखमाजीच्या तोंडून तो 'तू' सहज निघून गेला होता, पाचवीतल्या त्या पोरासाठी. क्षणभर गोरखला आशा वाटली. रखमाजीनं बाजेवरची बशी उचलून त्याच्यापुढे सरकवली.

"च्या निवला तुमचा," तो म्हणाला. "दुसरा आणाया सांगू का?"

गोरखनं नको म्हटलं आणि तो तसाच पिऊन टाकला.